गुप्त कागद आणि काँग्रेसचे सहायक

अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तेथील संसदेत, सेनेटचे १०० आणि प्रतिनिधिगृहाचे ४३५ असे मतदानाचा हक्क असलेले ५३५ सदस्य असतात, आणि यांपैकी एकालाही देशाची गुप्त माहिती पाहण्यासाठी पूर्वचौकशीला सामोरे जावे लागत नाही. मतदारांनी निवडून दिले आणि राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतली, एवढ्यावर त्यांची विश्वासार्हता गृहीत धरली जाते. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांनाही हाच न्याय लागू आहे. मात्र त्याच सदस्यासाठी कागदपत्रे वाचणाऱ्या, टिपणे काढणाऱ्या आणि समितीपुढे विचारायच्या प्रश्नांचा मसुदा करणाऱ्या सहायकाला ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, म्हणजे सुरक्षा-मंजुरी, मिळवावी लागते; आणि ती किती जणांना व कोणत्या दर्जाची मिळावी याचे नियम इतके आखडते आहेत की गुप्त विषयांत स्वतःचा भरवशाचा जाणकार हाताशी असणे हे पुष्कळ सदस्यांच्या वाट्याला येतच नाही. हा विषय कार्यालयीन तपशिलाचा भासतो खरा, परंतु लष्कर आणि गुप्तचर खाती यांच्यावर लोकप्रतिनिधींची देखरेख कितपत खरी आहे, हे बऱ्याच अंशी या तपशिलावरच ठरते.

अमेरिकेत सरकारी गुप्त माहितीच्या तीन पायऱ्या आहेत, आणि त्यांची सध्याची व्याख्या राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी डिसेंबर २००९ मध्ये काढलेल्या १३५२६ क्रमांकाच्या कार्यकारी आदेशात आहे. जी माहिती फुटल्यास राष्ट्रीय सुरक्षेची हानी होईल ती ‘कॉन्फिडेन्शियल’, जी फुटल्यास गंभीर हानी होईल ती ‘सीक्रेट’ आणि जी फुटल्यास असाधारण गंभीर हानी होईल ती ‘टॉप सीक्रेट’. याखेरीज ‘एससीआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी कप्पेबंद संवेदनशील माहिती असते, जिच्यात हेरांची नावे, संभाषणे टिपण्याच्या पद्धती, उपग्रहांची क्षमता अशा स्रोतांविषयीच्या व साधनांविषयीच्या बाबी येतात. ही चौथी पायरी म्हणता येत नाही, कारण टॉप सीक्रेट मंजुरी असलेल्यालाही त्या त्या कप्प्यासाठी वेगळी अनुमती घ्यावी लागते, आणि कागद वाचायचे ते ‘स्किफ’ नावाच्या बंदिस्त, ध्वनिरोधक खोलीतच, भ्रमणध्वनी बाहेर ठेवून. शिवाय मंजुरी हाती आली म्हणजे सगळे दप्तर खुले झाले असेही नाही; प्रस्तुत कामासाठी तीच माहिती आवश्यक असल्याचे दाखवावे लागते, आणि ही अट मंजुरीइतकीच कडकपणे पाळली जाते. गुप्तचर खात्यांचे जवळजवळ सर्व महत्त्वाचे अहवाल एससीआय वर्गात मोडतात, ही गोष्ट येथेच ध्यानात घ्यायला हवी, कारण पुढील सगळा वाद तिच्याभोवती फिरतो.

मंजुरी देण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये नौदल खाते विरुद्ध इगन या खटल्यात दिले. पाणबुड्यांच्या दुरुस्तीतळावरील एका कामगाराला जुन्या गुन्ह्यांच्या कारणावरून मंजुरी नाकारण्यात आली होती व त्यामुळे त्याची नोकरी गेली होती. त्या प्रकरणात न्यायालयाने असे म्हटले की सुरक्षा-मंजुरी हा कोणाचाही हक्क नाही, आणि गुप्त माहिती कोणाला दाखवायची हे ठरवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना सरसेनापती या नात्याने मूलतः राज्यघटनेतूनच मिळालेला आहे. काँग्रेसच्या सहायकांच्या बाबतीत याचा परिणाम मोठा विलक्षण होतो. ज्या कार्यकारी शाखेवर देखरेख करायची, तिचीच माणसे देखरेख करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासतात. काँग्रेस कोणाचे नाव पुढे करायचे ते ठरवते. त्या व्यक्तीच्या घरादाराची, कर्जाची आणि स्नेहसंबंधांची चौकशी मात्र सरकारी तपासयंत्रणाच करते.

चौकशीची सुरुवात ‘एसएफ-८६’ या प्रश्नावलीने होते. शंभराहून अधिक पानांच्या या प्रश्नावलीत मागील दहा वर्षांतील प्रत्येक पत्ता व प्रत्येक नोकरी, त्या त्या काळात आपल्याला ओळखणाऱ्यांची नावे, थकलेली कर्जे व बुडवलेले कर, अमली पदार्थांचे सेवन, परदेशप्रवास आणि परदेशी व्यक्तींशी असलेले संबंध नोंदवावे लागतात. त्यानंतर बोटांचे ठसे घेतले जातात, तपास-अधिकारी मुलाखत घेतो, जुन्या शेजाऱ्यांना व सहकाऱ्यांना भेटतो, आणि जमलेली माहिती १३ निकषांवर पारखली जाते. देशनिष्ठा, परकीय प्रभाव, आर्थिक व्यवहार, मद्यपान, गुन्हेगारी वर्तन, संगणक-यंत्रणांचा गैरवापर हे त्यांपैकी काही. एखादा डाग सापडला म्हणून नकार ठरलेला नसतो. माणूस समग्र पाहावा, दोष किती जुना आहे व तो त्याने आपणहून सांगितला की दडवला याचा विचार व्हावा, असे नियमच सांगतात, आणि या प्रक्रियेतील ही सर्वांत न्याय्य बाजू म्हटली पाहिजे.

मराठी माणसाला या प्रश्नावलीचा जाच कोठे होईल, हे सांगता येते. बेळगावात वाढलेले आणि ‘ही श्रींची इच्छा’ या आत्मकथनामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले, तेव्हा सदस्य या नात्याने त्यांना एसएफ-८६ भरण्याचे कारणच नव्हते. परंतु अमेरिकी नागरिकत्व घेतलेला एखादा मराठी तरुण एखाद्या सदस्याच्या कार्यालयात संरक्षणविषयक सहायक म्हणून लागला, तर त्याला पुण्यातल्या आई-वडिलांची व सासू-सासऱ्यांची जन्मस्थळे, पत्ते, नोकऱ्या आणि त्यांच्याशी किती वेळा बोलणे होते हे लिहावे लागेल, आणि गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव लागले असेल, तर तेही परदेशातील मालमत्ता म्हणून दाखवावे लागेल. यातले काहीही आक्षेपार्ह नाही; पण ते लिहायचे राहून गेले, तर दडवल्याचा संशय येतो, आणि संशय फिटेपर्यंत महिनोन् महिने जातात. नेमके हेच महिने त्या सदस्याच्या दृष्टीने मोलाचे असतात, कारण प्रतिनिधिगृहाची मुदत अवघी दोन वर्षांची आहे.

चौकशी बाहेरची असली, तरी आतली व्यवस्था प्रत्येक सभागृहाने स्वतः उभारली आहे. सेनेटने १९८७ मध्ये ठराव करून सेनेट सुरक्षा कार्यालय स्थापन केले, आणि सिनेटर व त्यांचे सहायक यांच्याकडील गुप्त कागदांची नोंद, साठवण व सहायकांच्या मंजुऱ्यांची कागदोपत्री कार्यवाही तेथे होते. प्रतिनिधिगृहात हे काम सार्जंट अॅट आर्म्स या पदाधिकाऱ्याच्या अखत्यारीतील कार्यालय पाहते. मंजुरी मिळालेल्या सहायकाला गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते, आणि तो करार नोकरी सुटल्यावरही त्याला बांधून ठेवतो. प्रतिनिधिगृहाने १९९५ पासून आणखी एक अट घातली: गुप्त माहिती पाहण्यापूर्वी सहायकानेच नव्हे, तर सदस्यानेही ती न फोडण्याची स्वतंत्र शपथ घेतली पाहिजे. सेनेटमध्ये अशी सरसकट शपथ नाही. तेथे नियम क्रमांक २९ असे सांगतो की गुप्त कामकाज फोडणारा सिनेटर हकालपट्टीस पात्र होईल आणि फोडणारा कर्मचारी बडतर्फीस व अवमानाच्या शिक्षेस. शिक्षेची भाषा दोघांसाठी कडक आहे. कडेकोट चौकशी मात्र एकाचीच होते.

खरा आखडता हात दिसतो तो संख्येत. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला आपल्या व्यक्तिगत कार्यालयात १८ पूर्णवेळ सहायक ठेवता येतात, आणि त्यांपैकी साधारणपणे दोघांनाच सुरक्षा-मंजुरी मिळते. तीही टॉप सीक्रेटपर्यंत, एससीआय वगळून. गुप्तचर, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार अशा समित्यांच्या कर्मचाऱ्यांना कप्पेबंद माहिती पाहता येते, पण ते समितीच्या, म्हणजे मुख्यतः अध्यक्षाच्या आणि अल्पमतातील प्रमुख सदस्याच्या, नेमणुकीचे असतात. नव्याने निवडून आलेल्या, ज्येष्ठतेच्या यादीत तळाशी असलेल्या सदस्याला त्यांच्याकडून माहिती मिळते ती त्यांना द्यावीशी वाटेल तेवढीच, आणि समितीबाहेरच्या सदस्याला तर तेवढीही नाही. सेनेटमध्येही दीर्घकाळ असेच होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये बहुमताचे नेते चक शूमर यांनी प्रत्येक सिनेटरच्या व्यक्तिगत कार्यालयातील एका सहायकाला एससीआयसह टॉप सीक्रेट मंजुरीसाठी पात्र ठरवले, आणि त्यासाठी सिनेटर ख्रिस मर्फी यांनी सातत्याने पाठपुरावा केला होता.

एवढी सावधगिरी कोठून आली, हे पाहायचे तर अणुयुगाच्या प्रारंभाकडे वळावे लागते. १९४६ च्या अणुऊर्जा कायद्याने काँग्रेसची संयुक्त अणुऊर्जा समिती अस्तित्वात आली, आणि लोकनियुक्त सभागृहांचे पगारी कर्मचारी देशातील अत्यंत नाजूक रहस्ये नियमितपणे हाताळू लागले. या समितीचे कार्यकारी संचालक विल्यम बोर्डन १९४९ मध्ये नेमले गेले तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. त्यांच्या देखरेखीखाली समितीच्या कर्मचाऱ्यांनी हायड्रोजन बाँबच्या विकासाचा एक इतिहास तयार केला, आणि त्यातील काही पाने तपासून घेण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांच्याकडे पाठवली. ‘ब्लॅक होल’ हा शब्द पुढे ज्यांच्यामुळे रूढ झाला तेच हे व्हीलर. जानेवारी १९५३ मध्ये रात्रीच्या रेल्वेने वॉशिंग्टनला जाताना ती पाने व्हीलर यांच्याकडून हरवली, आणि एफबीआयने कसून शोध घेऊनही ती मिळाली नाहीत. नुकतेच पदावर आलेले राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर संतापले. कागद हरवला तो शास्त्रज्ञाच्या हातून. पण ज्या समितीने तो लिहून घेतला तिच्या कर्मचाऱ्यांकडे इतकी बारकाईची माहिती कशासाठी, असा प्रश्न उभा राहिला आणि तो पुरता मिटला नाही.

बोर्डन यांनी त्याच वर्षी समिती सोडली, आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना पत्र लिहून अणुशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर हे बहुधा सोव्हिएत हस्तक असल्याचा आरोप केला. त्या पत्रातून निघालेल्या सुनावणीनंतर जून १९५४ मध्ये अणुऊर्जा आयोगाने चार विरुद्ध एक मताने ओपेनहायमर यांची मंजुरी काढून घेतली, आणि तो निर्णय रद्द ठरवायला डिसेंबर २०२२ उजाडावा लागला. २०२३ च्या ‘ओपेनहायमर’ या चित्रपटामुळे हा प्रसंग सर्वांना ठाऊक झाला आहे. त्यातला आरोपकर्ता मुळात काँग्रेसचा एक सहायक होता, आणि आपल्या पदामुळे हाती आलेल्या दप्तराच्या बळावर त्याने हे केले, ही गोष्ट तितकीशी लक्षात घेतली जात नाही. सहायकाला मिळालेली मंजुरी केवढी ताकद त्याच्या हाती देते, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही, आणि म्हणूनच चौकशी मुळीच नको असे म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही.

सहायकाचे घटनात्मक स्थान काय, हा प्रश्न न्यायालयापुढे आला तो १९७२ मध्ये. व्हिएतनाम युद्धाविषयीचे ‘पेंटॅगॉन पेपर्स’ सिनेटर माइक ग्रॅव्हेल यांनी २९ जून १९७१ च्या रात्री एका उपसमितीच्या बैठकीत वाचून कामकाजात समाविष्ट केले, आणि त्यांना मदत करणारा सहायक त्याच दिवशी त्यांच्या कर्मचाऱ्यांत दाखल झाला होता. सभागृहातील भाषणाबद्दल सदस्याला इतरत्र जाब विचारता येणार नाही, हे राज्यघटनेतील संरक्षण सहायकाला मिळते का, यावर न्यायालयाने असा निर्णय दिला की आजच्या विधिमंडळाचे काम सहायकांवाचून चालूच शकत नाही, म्हणून जे कृत्य सदस्याने स्वतः केले असता संरक्षित ठरले असते ते त्याच्या सहायकाने केल्यासही संरक्षित आहे. कागदपत्रे खासगी प्रकाशकाकडे छापायला देण्याला मात्र हे कवच लाभणार नाही. न्यायालयाच्या दृष्टीने सदस्य व सहायक वैधानिक कामापुरते एक ठरले, तरी गुप्ततेच्या नियमांनी त्यांना दोन वेगळ्या माणसांसारखे वागवणे चालूच ठेवले.

सेनेटच्या चर्च चौकशी समितीने गुप्तचर खात्यांची गैरकृत्ये उघड केल्यानंतर १९७६ मध्ये सेनेटने आणि १९७७ मध्ये प्रतिनिधिगृहाने कायमच्या गुप्तचर समित्या नेमल्या, आणि सेनेटच्या ठराव क्रमांक ४०० मध्येच लिहून ठेवले की समितीचा कोणताही कर्मचारी शपथपूर्वक लेखी करार केल्याशिवाय आणि योग्य मंजुरी मिळवल्याशिवाय गुप्त माहिती पाहणार नाही. मंजुरीप्राप्त कर्मचारी काय करू शकतात, हे २००९ पासून चाललेल्या एका कामातून दिसले. सीआयएने कैद्यांचा छळ केल्याच्या चौकशीसाठी सेनेट समितीचे मोजके कर्मचारी उत्तर व्हर्जिनियातील, सीआयएनेच भाड्याने घेतलेल्या इमारतीत वर्षानुवर्षे बसून ६० लाखांहून अधिक पानांचे दप्तर चाळत राहिले, आणि त्यातून सुमारे ६,७०० पानांचा अहवाल सिद्ध झाला, ज्याचा सारांश डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्याही सिनेटरला स्वतः हे काम करणे शक्य नव्हते. याच काळात सीआयएच्या माणसांनी समितीच्या कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या संगणक-भागात शिरकाव केला. समितीच्या अध्यक्षा डायॅन फाइनस्टाइन यांनी मार्च २०१४ मध्ये सभागृहात त्याचा निषेध केला, आणि त्याच वर्षी जुलैत सीआयएच्या महानिरीक्षकांनी पाच कर्मचाऱ्यांनी तो गैरप्रकार केल्याचे मान्य केल्यावर संचालक जॉन ब्रेनन यांना माफी मागावी लागली. ज्यांची निष्ठा सरकारने स्वतः तपासून मान्य केली होती, त्यांच्यावरच पाळत ठेवण्यापर्यंत मजल गेली, याचे गांभीर्य कमी लेखता येणार नाही.

सहायक नसले म्हणजे काय होते, याचा लेखी पुरावाही उपलब्ध आहे. अत्यंत नाजूक कारवायांची माहिती दोन्ही सभागृहांचे व गुप्तचर समित्यांचे दोन्ही पक्षांचे नेते अशा आठ जणांनाच देण्याची पद्धत आहे, आणि त्या बैठकांना सहायकांना प्रवेश नसतो. १७ जुलै २००३ रोजी न्यायालयीन परवानगीविना चाललेल्या दूरसंभाषण-टेहळणीची माहिती अशाच एका बैठकीत मिळाल्यानंतर सेनेट समितीचे उपाध्यक्ष जे रॉकफेलर यांनी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना त्याच दिवशी स्वहस्ताक्षरात पत्र लिहिले. आपण तंत्रज्ञ नाही आणि वकीलही नाही, सहायकांशी किंवा कायदेतज्ज्ञांशी सल्लामसलत करण्यास बंदी असल्याने या कार्यक्रमाचे पूर्ण मूल्यमापन करणे आपल्याला अशक्य आहे, मग त्याला पाठिंबा देणे तर दूरच, असा त्याचा आशय होता. पत्राची एक प्रत त्यांनी लखोट्यात बंद करून समितीच्या सुरक्षित जागेत ठेवली आणि टेहळणीची बातमी फुटल्यानंतर, डिसेंबर २००५ मध्ये, ती प्रसिद्ध केली. देखरेखीचे घटनात्मक कर्तव्य असलेला ज्येष्ठ सिनेटर आपल्याला हे कळत नाही असे लिहून ठेवतो आणि त्याला विचारायला माणूस नसतो, ही स्थिती कोणत्याही लोकशाहीला शोभणारी नाही.

इराकवरील आक्रमणाच्या मतदानापूर्वी, ऑक्टोबर २००२ मध्ये, इराकच्या शस्त्रास्त्रांविषयीचा ९२ पानांचा राष्ट्रीय गुप्तचर अंदाज काँग्रेसकडे आला होता आणि तो सुरक्षित खोलीत जाऊन वाचता येत होता. नंतर वृत्तपत्रांत आलेल्या माहितीप्रमाणे सारांशापलीकडे तो वाचणारे सिनेटर सहाहून अधिक नव्हते. त्या दस्तऐवजात परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाची असहमतीची नोंद होती. सदस्यांनी वाचायला हवे होते, यात शंका नाही; पण दिवसभर समित्या, मतदान आणि मतदारसंघ यांत अडकलेल्या माणसासाठी असे दस्तऐवज सहायक वाचतो व त्यातली खोच दाखवून देतो, हीच त्या सभागृहाची कामाची रीत आहे, आणि बहुतेक सिनेटरांच्या व्यक्तिगत सहायकांना त्या खोलीचे दार बंद होते. २०१५ मध्ये बारा देशांच्या पॅसिफिक व्यापार-कराराचा मसुदाही कॅपिटॉलच्या तळघरातील अशाच खोलीत ठेवण्यात आला. सदस्यांना वाचताना काढलेली टिपणे तेथेच सोडावी लागत, आणि व्यक्तिगत कार्यालयातील सहायकाला मंजुरी असली, तरी सदस्य सोबत असेल तेव्हाच आत जाता येई. हजारो कलमे-पोटकलमे असलेला व्यापारी मजकूर टिपणाशिवाय डोक्यात ठेवून बाहेर येणे म्हणजे तो न वाचण्यासारखेच होते.

संख्या वाढवली तर गळती वाढेल, हा मुख्य आक्षेप आहे. तो अगदीच निराधार नाही: सेनेट गुप्तचर समितीचा सुमारे तीन दशके सुरक्षा-प्रमुख राहिलेला अधिकारी २०१८ मध्ये पत्रकारांशी असलेल्या संबंधांबाबत एफबीआयशी खोटे बोलल्याची कबुली देऊन दोन महिन्यांच्या कैदेस पात्र ठरला, जरी गुप्त माहिती फोडल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला नाही. परंतु अमेरिकेत सुरक्षा-मंजुरी असलेल्या व्यक्ती ४० लाखांच्या आसपास आहेत, आणि त्यांत खासगी कंत्राटदारांचे कर्मचारीही मोठ्या संख्येने आहेत. शस्त्रनिर्मिती कंपनीच्या नोकराला जी माहिती पाहता येते, ती त्याच कंपनीच्या कंत्राटावर मत देणाऱ्या लोकप्रतिनिधीच्या सहायकाला पाहता येत नाही, याचे समर्थन गळतीच्या भीतीने होऊ शकत नाही. प्रतिनिधिगृहात प्रत्येक सदस्यामागे एक जरी एससीआय मंजुरी दिली, तरी भर पडेल ती सुमारे साडेचारशे माणसांची, आणि त्यांची चौकशी इतरांइतकीच कसून होईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सेनेटमध्ये २०२१ चा बदल नेतृत्वाच्या निर्णयाने झाला, आणि प्रतिनिधिगृहाचे नेतृत्वही मनात आणील तेव्हा तो करू शकते.